हातातले काम आणि अंतरीची हाक



देवळाचा कळस चढला, सभामंडपाला नवी फरशी लागली, आता चार दिवस भजन-कीर्तनाचे आहेत. त्यात एक तास व्याख्यानाला मिळाला आहे. विषय ठरला आहे तो असा की, माणसाने आपले जीवितकार्य कसे ओळखावे. विषय ऐकायला गोड आहे, बोलायला अवघड आहे. अशा विषयावर बोलताना ज्ञानेश्वर, तुकाराम, विवेकानंद यांची नावे घेण्याचा प्रघात आहे. श्रोते माना डोलावतात आणि घरी जाताना म्हणतात, ती थोर माणसे, आपण प्रपंचातली, आपल्याच्याने काय होणार! म्हणून आज दूरचे उदाहरण घ्यायचे नाही. पनवेलच्या स्टँडवर एस.टी.त बसले आणि गोव्याच्या रस्त्याला लागले की ज्या गावांच्या पाट्या खिडकीतून दिसतात, त्याच गावांतली माणसे घ्यायची. पळस्पे फाटा, शिरढोण, कर्नाळ्याची खिंड, खिंडीपलीकडे तारा, आणि पुढे पेणहून आत वळले की गागोदे. एवढ्या एका वाटेवर हा विषय पुरून उरेल.

त्याआधी एक गोष्ट बोलली पाहिजे. हा प्रश्न आजोबांच्या पिढीला पडला नव्हता. पाऊस आला की पेरणी, मग आवणी, दसरा-दिवाळीला कापणी, त्यानंतर झोडणी. खाडीकाठच्या गावांना मिठागर आणि मासेमारी. खारीचा बांध फुटला की सारा गाव रात्री कंदील घेऊन बांधावर. आपण कशासाठी जन्माला आलो, हे माणसाला कोणी सांगावे लागत नसे, ते समोरचे शेत सांगत असे. १९७० साली सिडको आली. पनवेल, उरण आणि ठाणे भागातल्या गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादनात गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात पडले. पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली, २०२५ साली विमानतळही सुरू झाला. पैसा आला. काही घरांत तो टिकला, काही घरांत गाडीच्या रूपाने दारात उभा राहून गंजला. पण सातबाऱ्यावरून नाव कमी झाले, त्याबरोबर 'आपण कोण' याचे जे उत्तर त्या उताऱ्यावर आपोआप लिहिलेले होते, तेही पुसले गेले. आज बारावी झालेला मुलगा विचारतो, आता काय करू? ऐकणाऱ्याला वाटते तो नोकरी विचारतो आहे. तो नोकरी विचारतोच, पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देणारे शेत आता राहिलेले नाही.

आता शिरढोणला उतरू.

शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. गावासमोर कर्नाळा किल्ला उभा आहे. इंग्रजांनी १८१८ साली तो घेतला, आणि फडक्यांच्या आजोबांचे नाव त्या किल्ल्याच्या किल्लेदारीशी जोडले जाते. लहानपणी डोळे उघडले की समोर तोच सुळका. आद्य क्रांतिवीर म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, मुंबईत धोबीतलावच्या चौकाला त्यांचे नाव आहे, १९८४ साली भारत सरकारने त्यांचे तिकीट काढले. पुतळ्याला हार पडतात, भाषणे होतात. या सगळ्यात एक साधी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती ही की, हा मनुष्य आयुष्यातली सुमारे पंधरा वर्षे सरकारी कारकून होता.

कमिसरिएट म्हणजे लष्कराच्या पुरवठ्याचे खाते. सैन्याला लागणाऱ्या मालाचा हिशेब तपासणाऱ्या कचेरीत वासुदेव बळवंत नोकरीला होते, आधी मुंबईत आणि मग पुण्यात. ठरलेल्या वेळी हजेरी, साहेबाची मर्जी, महिन्याचा पगार, आणि बढतीची वाट. ज्यांनी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना हे चित्र रंगवून सांगण्याची गरज नाही. एवढे मात्र खरे की, पंचवीस वर्षांच्या वासुदेव बळवंतांना कोणी विचारले असते की तुमचे जीवितकार्य काय, तर त्यांनी बंड असे उत्तर दिले नसते. बहुधा म्हणाले असते, हिशेब तपासतो, तालमीत जातो, दत्ताची उपासना करतो.

तालमीचे थोडे थांबून सांगितले पाहिजे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग समाजातला हा वस्ताद दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी शिकवीत असे. चित्पावन घरातला हा कारकून त्या तालमीत जाऊ लागला, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पुढे रामोशी, कोळी, धनगर यांच्यात जाऊन बसायचा प्रसंग आला तेव्हा त्यांना जो अवघडलेपणा वाटला नाही, त्याचे कारण या तालमीत सापडते.

मग ती रजेची गोष्ट. शिरढोणला आई आजारी असल्याचे कळले. वासुदेव बळवंतांनी रजेचा अर्ज केला. रजा वेळेवर मिळाली नाही. ते गावी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. चरित्रकार पुढे असेही सांगतात की, वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली. शिरढोण ते पुणे हे अंतर आज सकाळी निघून दुपारी परत येण्याचे आहे. त्या काळी बोरघाटातून आगगाडी सुरू झाली होती, म्हणजे मधला घाट आड आला नाही, आड आला तो एक कागद.

पुष्कळ व्याख्याते या ठिकाणी सांगतात की, त्या क्षणी त्यांच्या अंतरात ठिणगी पडली आणि क्रांतिकारक जन्माला आला. नाटकात हा प्रवेश शोभतो. प्रत्यक्षात तसे झाले नाही. आई गेल्यानंतरही वासुदेव बळवंत काही वर्षे त्याच खात्यात नोकरी करीत राहिले. मुळात रजा नाकारली जाणे हा जगातला काही पहिला प्रसंग नव्हता. त्या कचेरीत आणखीही कारकुनांच्या रजा नाकारल्या गेल्या असतील. ते चिडले असतील, चार दिवस बोलले असतील आणि गप्प बसले असतील. वासुदेव बळवंतांचे वेगळेपण रागात नव्हते. राग सगळ्यांनाच येतो. ज्या राज्यात आपल्याला मरणाऱ्या आईकडे जाण्याची मुभा नाही, त्या राज्यात इतरांचे काय चालले आहे, हे त्यांनी बघायला सुरुवात केली. आपले दुःख घेऊन ते दुसऱ्याच्या दुःखाकडे गेले. अंतरीची हाक म्हणतात ती बहुधा अशी येते. तिला शंखनाद नसतो. एक जखम असते, आणि ती जखम फक्त आपलीच नाही हे हळूहळू ध्यानात येते.

त्या वर्षांत पुण्यात बरेच घडत होते. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून हिंडत. न्यायमूर्ती रानडे यांची देशी व्यापारावरची व्याख्याने झाली, इकडचा पैसा तिकडे कसा वाहून जातो ते त्यांनी आकड्यांनिशी मांडले. हिशेब तपासणारा हा कारकून ती व्याख्याने ऐकायला जात असे. आकडे त्याला समजत होते. त्याने स्वदेशीचे व्रत घेतले, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः व्याख्याने देऊ लागला. व्याख्यान असल्याची दवंडीसुद्धा आपणच थाळी वाजवून पिटायची आणि मग त्याच चौकात उभे राहून बोलायचे, असा त्यांचा परिपाठ सांगितला जातो. नोकरी चालू, आणि कचेरी सुटल्यावर हे सारे.

याच काळातल्या कामात एक शाळा आहे. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके या तिघांची नावे पुण्याच्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनचे संस्थापक म्हणून घेतली जातात. संस्था आपला जन्म १८६० सालचा मानते. पुढे तिचे नाव महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाले. पुण्यातले भावे स्कूल तिचे, गरवारे कॉलेज तिचे, आणि नवीन पनवेलमध्ये वासुदेव बळवंतांच्या नावाची जी शाळा आहे तीही तिचीच. सरकारी नाही, मिशनऱ्यांची नाही, आपल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी वर्गणीवर चालवलेली शाळा, ही कल्पना त्या काळी नवी होती. या शाळेचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

१८७६ ते १८७८ हा मोठा दुष्काळ पडला. दख्खनमधली गावे ओस पडली, माणसे रस्त्याच्या कडेला मेली. वासुदेव बळवंत त्या भागात हिंडून आले. ज्याच्या समोर लष्कराच्या पुरवठ्याचे हिशेब रोज येत होते, त्याच माणसाने शेतकऱ्याच्या घरातले रिकामे कणगे पाहिले. त्यानंतर त्यांना स्वस्थ बसवले नाही. शहाण्यासुरत्या, शिकलेल्या लोकांकडे ते गेले. त्या लोकांनी सहानुभूती दाखवली आणि दार लावून घेतले. तेव्हा ते रामोश्यांकडे गेले. १८७९ च्या फेब्रुवारीत बंड उभे राहिले. पहिला छापा शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पडला.

या बंडात सावकारांची घरे लुटली गेली, हे लपवण्याचे कारण नाही. मिळालेल्या पैशातून सैन्य उभारायचे आणि दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांना जगवायचे असा वासुदेव बळवंतांचा विचार होता. पण हाताखाली आलेल्या काही लोकांचे लक्ष पैशावर होते, आणि ते पाहून त्यांना क्लेश झाले. हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मध्यंतरी निराश होऊन ते दूर श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या देवळात गेले. देवापुढे प्राण द्यावा, असा त्यांचा विचार होता. त्यांनी तो दिला नाही. तिथे बसून आत्मचरित्र लिहिले, आणि पुन्हा परत फिरून माणसे जमवू लागले. आपल्याला कार्य सापडले आहे अशी पक्की खात्री असलेल्या माणसालाही असे दिवस येतात, हे तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याला कधी शंकाच येत नाही, त्याला हाक ऐकू आली आहे की स्वतःचाच आवाज, हे तपासून घ्यावे.

आता पळस्पे. १८७९ च्या मे महिन्यात वासुदेव बळवंतांचा उजवा हात दौलतराव नाईक रामोशी घाट उतरून कोकणात आला आणि त्याने पळस्पे आणि चिखली इथे मोठी लूट केली. परत घाटाकडे जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि त्या चकमकीत दौलतराव मारला गेला. पळस्पे फाट्यावर आज इतक्या गाड्या वळतात, पण दौलतरावाची आठवण काढणारा विरळा. या रामोश्याने आत्मचरित्र लिहिले नाही, त्याचे तिकीट निघाले नाही. त्याला कोणती हाक आली होती, कोणास ठाऊक! मित्राच्या कार्याला आपले मानून त्यात पडणे, हेही जीवितकार्यच. प्रत्येकाला स्वतंत्र कार्य सुचलेच पाहिजे असे नाही.

दौलतराव पडल्यावर बंडाचा कणा मोडला. त्याच वर्षी जुलैत विजापूरकडच्या भागात, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, देवर नावदगी गावी तापाने फणफणलेल्या अवस्थेत वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्यात खटला चालला. वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काका पुढे आले, आणि त्या दिवसांत असे वकीलपत्र घेणे हे स्वतःच एक धाडस होते. आत्मचरित्र आणि रोजनिशी सरकारच्या हाती लागली होती, तीच पुरावा म्हणून पुढे आली. जन्मठेप, काळे पाणी. त्यांना एडनला नेले. एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून काढले आणि निसटले. परका मुलूख, ओळखीचा चेहरा नाही, पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. वय ३७ वर्षे.

त्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले होते, घोड्यावर बसायला आणि हत्यार धरायलाही शिकवले होते, असे सांगतात. त्या माघारी राहिल्या. स्मारके पुरुषांची होतात. जीवितकार्य सापडलेल्या माणसाच्या घरी मागे काय उरते, याचा हिशेब व्याख्यानांत सहसा येत नाही. तो यायला पाहिजे, कारण कार्याची किंमत एकट्या कार्यकर्त्याने कधीच भरलेली नसते. घरात ज्यांनी ती भरली, त्यांची नावे निदान घरच्यांनी तरी विसरू नयेत.

आता त्या शाळेकडे परत येऊ. वासुदेव बळवंतांचे नाव ज्या बंडामुळे झाले, ते फेब्रुवारीत उभे राहिले आणि जुलैत संपले. सहा महिनेही भरले नाहीत. ते फसले. आणि कचेरी सुटल्यावर, दमलेल्या अंगाने, मित्रांबरोबर जे काम केले, ती शाळा दीडशे वर्षे उलटली तरी चालू आहे. त्यातून किती मुले शिकून गेली याचा हिशेब त्यांनी स्वतः कधीच पाहिला नाही. याचा अर्थ बंड व्यर्थ गेले असा घेऊ नये. ती ठिणगी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचलीच. पण आपल्या आयुष्यातले मोठे काम कोणते आणि किरकोळ कोणते, हे करणाऱ्याला त्या वेळी कळत नाही. ज्याला तो फावल्या वेळचा उद्योग समजतो, तेच कदाचित त्याचे जीवितकार्य असते. म्हणून 'आधी मला माझे खरे कार्य सापडू दे, मग मी हात घालीन' असे म्हणून बसून राहण्यात अर्थ नाही. बसलेल्या माणसाला काही सापडत नाही, फार तर झोप सापडते.

कोणी म्हणेल, हे बंडखोराचे उदाहरण आहे, नोकरी-धंदा करणाऱ्याने काय करावे? तर खिंड ओलांडून ताऱ्याला चला. तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे. १९४२ चे 'क्विट इंडिया' हे शब्द ज्यांच्या नावावर आहेत त्या युसुफ मेहेरअलींच्या स्मरणार्थ ही संस्था १९६१ साली निघाली. ती चालवणारे डॉ. जी. जी. पारीख हे मुंबईतले डॉक्टर. बेचाळीसच्या चळवळीत विद्यार्थी असताना तुरुंगात गेले होते. त्यांनी डॉक्टरी सोडली नाही. मुंबईतला दवाखाना चालवला आणि सुट्टीचा वार ताऱ्याला दिला. आधी रविवारचा दवाखाना, मग हळूहळू रुग्णालय, शाळा, तेलाची घाणी, साबण, कुंभारकाम. आसपासच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतली मुले तिथल्या वसतिगृहात राहून शिकली. डॉ. पारीख शंभरी ओलांडून २ ऑक्टोबर २०२५ रोजी वारले. त्यांनी घरदार सोडले नाही, डोंगरात जाऊन तप केले नाही. आठवड्यातला एक दिवस दिला आणि साठ वर्षे तो चुकवला नाही, असे थोडक्यात म्हणता येईल. एक दिवस ही फार छोटी देणगी वाटते. साठ वर्षांचे रविवार मोजले तर तीन हजारांवर जातात.

आणि गागोदे. पेण तालुक्यातल्या या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांची वाट अगदी उलट. त्यांनी परीक्षाच सोडली. शाळेचे दाखले आईदेखत चुलीत घातले, आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेला. हिमालयात जावे की बंगालच्या क्रांतिकारकांत, असे दोन ओढे मनात होते. त्याच वर्षी ७ जूनला ते अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले आणि दोन्ही ओढे एका ठिकाणी मिळाले. ही गोष्ट तरुणांना फार आवडते, विशेषतः दाखले जाळण्याचा भाग. पण आश्रमात गेल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले, तेही पाहावे. भाजी चिरणे, दळणे, सूत कातणे, संडास साफ करणे. वर्षानुवर्षे हेच. ज्या भूदानामुळे जगाने त्यांना ओळखले, ते १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत अचानक समोर आले. गावातल्या हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. विनोबा तेव्हा ५५ वर्षांचे होते. सरकारी नोकर त्या वयात पेन्शनचे कागद जुळवीत असतो. पुढची तेरा वर्षे ते देशभर पायी चालले आणि चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीचे दान मिळवले. त्यातली बरीच जमीन खडकाळ किंवा तंट्यातली निघाली, पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही. दान सभेत टाळ्यांच्या गजरात होते, पण फेरफार नोंद झाल्याशिवाय जमीन कोणाच्या नावावर होत नाही. महाराजांनी हाक दिली, पण तलाठ्याच्या दप्तरापर्यंत ती पोहोचवणारे हात कमी पडले. तो हातही कोणाचे तरी जीवितकार्य होऊ शकला असता.

विनोबांना ही हाक पोचमपल्लीत आली, पण बी गागोद्याचे होते. फणस फोडला की आई मुलांच्या हाती गऱ्यांचे द्रोण देऊन आधी शेजारीपाजारी पाठवीत असे आणि मग घरच्यांना देत असे, ही आठवण ते सांगत. देतो तो देव आणि साठवून ठेवतो तो राक्षस, अशी तिची साधी शिकवण होती. आजोबा शंभुराव गणपतीची मूर्ती बाजारातून आणीत नसत. नातवंडांकडून चंदन उगाळून घेत आणि त्या गंधाची मूर्ती करीत. दहा हातांनी उगाळलेला तो गणपती पुन्हा पाण्यात सोडायचा. देवळात आणि घरात लहान मुलांसमोर मोठी माणसे काय करतात, याचा परिणाम पन्नास वर्षांनी दिसतो. मुलाला 'ध्येय ठेव, ध्येय ठेव' असे सांगून ध्येय येत नाही. द्रोण हातात देऊन त्याला शेजारी पाठवावे लागते.

मग ज्याला प्रश्न पडला आहे त्याने उद्या सकाळी काय करावे? डोळे मिटून आतला आवाज ऐकावा असे सांगण्याची आज पद्धत आहे. डोळे मिटायला हरकत नाही, पण वासुदेव बळवंतांना जे सापडले ते डोळे उघडे ठेवून, पायी हिंडून सापडले. आपल्या गावातली कोणती गोष्ट पाहून जेवण गोड लागत नाही, ती धरावी. कोणाला दारूने उद्ध्वस्त झालेले घर पाहून चैन पडत नाही. कोणाला वाडीवरची पोरे पावसाळ्यात शाळेत का येत नाहीत, हे टोचते. कोणाला नदीचे पाणी काळे झालेले पाहवत नाही. ज्याला जे टोचते, ते त्याच्यापुरते बरोबर असते, दुसऱ्याचे टोचणे उसने घेऊ नये. शेजाऱ्याने अन्नदानाला पाच हजार दिले म्हणून आपणही द्यावेत, हे ठीक आहे, पण ते जीवितकार्य नव्हे, तो व्यवहार झाला. आणि ज्यांची घरची परिस्थितीच अशी आहे की दोन वेळची भाकरी मिळवण्यात दिवस सरतो, त्यांनी आपण काही कार्य करीत नाही म्हणून खाली मान घालण्याचे कारण नाही. वृद्ध आईबापांना सांभाळणारी सून आणि दोन पाळ्या करून बहिणीचे शिक्षण पुरे करणारा भाऊ यांची स्मरणिका कोणी काढत नाही, एवढेच.

आजच्या तरुणांकडे एक गोष्ट आहे जी वासुदेव बळवंतांकडे नव्हती. रजा मागायला त्यांचा साहेब सातासमुद्रापलीकडून आलेला नाही. कंपनीतली पाळी सुटल्यावर चौकात मोटारसायकलवर बसून जे दोन तास जातात, ते हिशेबात धरले तर वर्षाला सातशे तास होतात. त्यातून एक शाळा उभी राहते, हे पुण्याच्या तीन मित्रांनी करून दाखवले आहे.

आपल्या सभामंडपात आता नवे दिवे बसले आहेत. संध्याकाळची आरती साडेसातला आटोपते आणि शेजारती होईपर्यंत जागा मोकळी असते. गावात दहावीला बसलेली मुले आहेत, त्यांतल्या काहींच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही. गावात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कंपनीत हिशेब करणारी माणसे आहेत, गणित इंग्रजी शिकवू शकतील अशा लग्न होऊन आलेल्या पदवीधर सुना आहेत. फरशीवर टाकायला जुन्या सतरंज्या मंडळाच्या खोलीत पडून आहेत. त्या खोलीची किल्ली गुरवाकडे असते.